वजनकाट्यावरची आत्या

आमच्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून एक वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. त्यावर ट्रक चढतो, बाजूच्या केबिनमध्ये आकडा उमटतो, पावती निघते, ट्रक उतरतो. त्या केबिनमध्ये माझी आत्या नोकरीला लागली तेव्हा माझ्या वडिलांच्या डोक्यावर केस होते आणि मी जन्मायची होते. ती निवृत्त झाली तेव्हा मलासुद्धा चष्मा लागलेला होता. यावरून काय तो हिशोब करा.

केबिन म्हणजे उंच माणूस उभा राहिला तर पंख्याने टाळू सोलून निघेल, एवढीच. सरकती काच, पाय डुगडुगणारं टेबल, खाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा, आणि एक माईक. त्या माईकमधून आत्या दिवसभर मोजून चार वाक्यं बोलायची. "येऊ द्या." "मागचं चाक आत घ्या." "थांबा." "सोडा." ट्रकवाले एक नंबरचे बिलंदर. कुणी चाक पाटाच्या काठावर ठेवायचा, कुणी रिकाम्या गाडीचं वजन जास्त भरावं म्हणून क्लीनरला सीटच्या मागे झोपवायचा. आत्या जागची हलायची नाही. "आत झोपलेत त्यांना म्हणावं उठा, चहा निवतोय," एवढंच माईकवर म्हणायची, आणि सगळ्या रांगेला ऐकू जायचं. क्लीनर डोळे चोळत खाली उतरायचा. नव्या पोरींना ती एकच गोष्ट शिकवायची: गाडी पाटावरून उतरली की तिच्याकडे बघत बसायचं नाही, लगेच मागचीकडे बघायचं. नाहीतर रांग लागते.

तिकडे एवढा दरारा, आणि घरी? घरी आमच्या मांजरालासुद्धा तिच्यापेक्षा जास्त मान. माझे वडील सगळ्यांत थोरले, काका धाकटा, आणि ही दोघांच्या मधली. म्हणून बाबा तिला 'मधले' अशी हाक मारायचे, जशी काही बाकावरची मधली जागा. तिचं लग्न का झालं नाही याची आमच्याकडे तीन वेगवेगळी कारणं सांगतात आणि तिन्ही सांगणाऱ्याच्या सोयीची आहेत. ती आमच्याकडेच राहायची, काच लावून बंद केलेल्या गॅलरीत. एक खाट, एक कपाट, कपाटावर तिची जुनी तपकिरी सुटकेस, आणि डोक्यावर घरातल्या सगळ्यांचे ओले कपडे. दळण आणायचंय, आत्याला सांग. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर कोण जाणार, आत्याला सांग. आत्या 'हो' म्हणायची. तिच्या तोंडून 'नाही' मी कधी ऐकलं नव्हतं. तिला कुणी प्रश्नच विचारायचं नाही, नुसतं सांगायचं, त्यामुळे नाही म्हणायला फटही मिळायची नाही, हेही खरं.

निवृत्त झाली तेव्हा काट्याच्या मालकांनी तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ सगळ्यांनाच देतात. पण जाताना ते म्हणाले, "ताई, सकाळची पाळी तुम्हीच बघत जा की अजून काही वर्षं. मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. राहायचं तर खुशाल राहा."

आत्याने हे रात्री जेवताना सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते, एखाद्या मुलीला मागणी आली असावी तसे. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे भिजत घोंगडं. ते वाळलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही.

इकडे धाकट्या काकाने नवं घर घेतलं होतं, दूर, वाळवंटाच्या पलीकडच्या शहरात. त्याची मुलगी सहा महिन्यांची झालेली, काकीची रजा संपत आलेली. मग बाबा-काका, आई-काकी असे फोन सुरू झाले. दारं लावून. आमच्या घराची दारं अशी आहेत की लावल्यावर जास्त ऐकू येतं. ठरलं ते असं: काका-काकी आपल्या गाडीने येतील, चार दिवस राहतील, जाताना आम्ही सगळे आमच्या गाडीने त्यांच्यासोबत घर बघायला जाऊ, आणि येताना आत्याला तिथेच ठेवून येऊ. कायमची. बाळाला बघायला.

हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त आत्याला नव्हतं.

"तिथे गेल्यावर सांगू," आई म्हणाली. "इथे सांगितलं तर उगाच रडारड."

कोण रडणार होतं देव जाणे. आत्याला रडताना मी बघितलेलं नाही. तिला सांगण्यात आलं, 'चार दिवसांचे कपडे घे.' तिने एका निळ्या पिशवीत चार दिवसांचे कपडे घेतले. निघायच्या सकाळी ती दूध आणायला खाली गेली तेवढ्यात आईने कपाटावरची तपकिरी सुटकेस काढून तिचं कपाट त्यात रिकामं केलं आणि काकाने ती आपल्या डिकीत सगळ्यांत तळाशी सरकवली. मी दात घासत उभी होते. आई माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "अळीमिळी गुपचिळी." कॉलेजात जाणाऱ्या मुलीला! मी तोंडातला फेस थुंकला आणि गप्प बसले.

प्रवासात आत्या कुठल्या गाडीत, याला काही नियम नव्हता. निघाली आमच्या गाडीतून. थोड्या वेळाने पुढची गाडी थांबली, कारण बाळ रडत होतं आणि ते आत्याशिवाय कुणाकडे राहत नव्हतं. आत्या तिकडे. बाळ झोपलं, आत्या इकडे, कारण तिकडच्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची, डायपरची पोती आणि काकीच्या पिशव्या होत्या. परत रडलं, परत तिकडे. मी मध्ये एकदा म्हटलं, "आत्या, तुला एकदाच काय ते चिकटवून का ठेवत नाहीत?" ती हसली आणि म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर दोन्हीकडे बिस्किटं खातेय."

दुपारच्या आधी ते खडक लागले. सपाट वाळवंट, कुठे झाड नाही, आणि एकदम हे लाल-पिवळे खडक उभे. वर जाड, खाली बारीक, अळंब्यांसारखे. रस्त्याच्या कडेला एक पाटी होती, 'खडकांवर चढू नये', आणि पाटीच्या मागेच दहा-बारा माणसं खडकांवर चढलेली होती. पत्र्याचं छप्पर घातलेलं चहाचं दुकान, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पर्यटकांची एक बस, आणि वाळूत कशाही लावलेल्या गाड्या.

आमच्या कुटुंबाने तिथे तेच केलं जे सगळी कुटुंबं करतात. कुठला खडक कशासारखा दिसतो यावर भांडण. काका म्हणे उंट, बाबा म्हणे, "उंट कसला, सरळसरळ नाक आहे ते, आपल्या मामाचं." आई म्हणे ऊन लागतंय. काकी बाळाला टोपी घालत होती आणि बाळ ती काढत होतं. बाबा पाटी वाचून, तिला टेकून, वर चढले आणि फोटो काढून घेतला. आत्या एका खडकाच्या सावलीत उभी राहून त्याच्या बारीक भागावरून हात फिरवत होती.

"खालूनच झिजलाय की रे," ती काकाला म्हणाली.

"वाळू खालून उडते ना ताई. वाऱ्याबरोबर घासते. वरपर्यंत जात नाही."

"हा आमच्या काट्यावर घेतला तर पाटच बसेल खाली," आत्या म्हणाली. वाळवंटातल्या त्या अजस्र चमत्कारावर तिचं एवढंच मत.

मग निघायची वेळ झाली, आणि पंचाईत. आमच्या दोन्ही गाड्या दोन खडकांच्या मधल्या बोळात लावलेल्या. मागे ती बस तिरकी उभी. वाळू मऊ, चाक जरा इकडे-तिकडे गेलं की रुतणार. काका गाडी मागे घ्यायला लागला आणि खडकाला घासताघासता वाचला. बाबा काच खाली करून त्याला शिकवायला लागले. बाबांना स्वतःला गाडी मागे घेता येत नाही, पण शिकवता उत्तम येतं.

तेव्हा आत्या पुढे झाली. रुमाल डोक्याला बांधला, मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"सगळे गप्प बसा," म्हणाली.

आम्ही गप्प बसलो. तो आवाज आम्ही घरी कधी ऐकलेलाच नव्हता.

"धाकट्या, तुझी आधी. येऊ दे. येऊ दे. डावीकडे काप. अजून. थांब! आता सरळ. सोड." काकाच्या गाडीच्या पाठीवर तिने दोन थापा मारल्या आणि हाताने रस्त्याकडे दाखवलं. काका गेला. "दादा, येऊ द्या. आरशात बघू नका, माझ्याकडे बघा. येऊ द्या. थांबा. सोडा." आम्हालाही दोन थापा. बाबांनी मुकाट गाडी रस्त्याला लावली आणि काकाच्या मागे निघाले.

आणि आत्या, गाडी पाटावरून उतरली की बघत बसायचं नाही म्हणून, मागचीकडे वळली. मागे ती बस होती. बसच्या ड्रायव्हरने बिचाऱ्याने काच खाली करून विचारलं, "बाई, आमचीपण काढून देता का?" आत्याने बसही काढून दिली. बसच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग ती वळली, तर रस्ता मोकळा. दोन्ही गाड्या क्षितिजावर ठिपके झालेल्या.

आमच्या गाडीत आम्हाला वाटलं, ती बाळाजवळ बसली असणार. त्यांच्या गाडीत त्यांना वाटलं, बाळ झोपलंय म्हणजे ती आमच्याकडे असणार. मला मागची अख्खी सीट मिळाली होती, मी पाय पसरून झोपले. आमच्यातल्या कुणीही कुणालाही विचारलं नाही. विचारायची आमच्याकडे पद्धतच नाही.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं, थोडं तिच्याकडून आणि थोडं दुसऱ्याकडून. आत्याने आधी पर्स उघडून फोन काढला. रेंज होती. बाबांचं नाव पडद्यावर आणलं. बोट त्यावर ठेवणार, तेवढ्यात तिच्या मनात आलं, थांब जरा. आत्ता बघतील, वळतील. आपण फोन केला तर आपणच आठवण करून दिली असं होईल. तिने फोन परत पर्समध्ये ठेवला आणि चहाच्या दुकानापुढे खुर्चीत जाऊन बसली. दुकानवाल्या बाईने विचारलं, "तुमची माणसं?"

"येतीलच आता," आत्या म्हणाली.

तिचा चहा संपला. दुकानवाल्या बाईने दुसरा आणून ठेवला. तोही संपला. खडकांवरची माणसं उतरली, नवी माणसं चढली. दुकानवाल्या बाईने परत काही विचारलं नाही, आणि आत्या सांगते, त्याचंच तिला जास्त लागलं.

मग रस्त्यावर मिठाने भरलेला एक ट्रक थांबला. वाळवंटातल्या मिठागरांचा माल आमच्याच गावच्या काट्यावर तोलला जातो, पुढे कारखान्यांना जातो. त्यातून एक पिकल्या मिशांचा ड्रायव्हर चहाला उतरला, दोन पावलं चालला आणि तिथेच थबकला.

"अहो ताई! तुम्ही इथे?"

आत्याला आधी तोंडावरून ओळख पटली नाही. तिने ट्रकचा नंबर बघितला आणि म्हणाली, "तुमचं मागचं चाक नेहमी बाहेर राहतं."

"तेच आम्ही!" त्याने कान पकडले. "तुम्ही गेल्यापासून काट्यावर मजा नाही हो. ती नवी मुलगी चांगली आहे, पण ओरडत नाही. गुडघा कसा आहे? मालक सांगत होते, सकाळच्या पाळीला परत येणार म्हणून. आम्ही सगळ्यांना सांगून टाकलंय, आता चाकं आत घ्या रे बाबांनो."

तिचा गुडघा दुखतो हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून. याचा मला अजून राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

आम्ही तोवर बऱ्याच पुढे, एका पेट्रोल पंपावर पोचलो होतो. बाळ उठलं आणि त्याने गळा काढला. काकी पुढच्या गाडीतून त्याला घेऊन तरातरा आली आणि आमची मागची काच ठोठावली. "ताई, घ्या हो जरा हिला." मी दार उघडलं. आत मी होते आणि चिवड्याचा डबा होता.

"ताई कुठेत?"

"तुमच्यात ना?" आई म्हणाली.

"आमच्यात? तुमच्यात होत्या की!"

बाबा खाली उतरले. काका धावत आला. तिथे पंपावर, नळी हातात धरलेल्या पोरासमोर, जे काही सुरू झालं ते विचारू नका. तू पुढे होतास, तू आरशात बघायला हवं होतंस. तुम्ही शेवटी निघालात, तुमची जबाबदारी. बायकांना एवढंही कळू नये? पुरुषांना डोळे नाहीत? सगळे एकमेकांवर खापर फोडत होते आणि बाळ ओरडत होतं. फोन करायचं कुणाला सुचेना. शेवटी मीच लावला. पहिल्या घंटीला तिने उचलला.

"आत्या, कुठे आहेस?"

"आहे तिथेच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा.

दोन्ही गाड्या मागे वळल्या. एक गेली असती तरी चाललं असतं, पण आता कुणाचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. वाटेत आई म्हणाली, "निदान आज तरी तिला काही सांगू नका." बाबा म्हणाले, "मी कशाला सांगतोय." मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." त्यावर मला गप्प बसायला सांगण्यात आलं.

पोचलो तर आत्या खुर्चीत बसलेली, रुमालाने वारा घेत, तो मिशीवाला काहीतरी सांगतोय आणि ती खळखळून हसतेय. आम्हाला बघून हसू विरलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. हळूहळू ओसरलं.

बाबांना भीती वाटली की ते ओरडतात. "अक्कल आहे का तुला? हाक मारायला काय झालं होतं? फोन होता ना जवळ?"

"होता."

"मग केला का नाहीस?"

"तुमच्याकडेही होता की दादा."

काका म्हणाला, "ताई, चूक झाली, चल आता, बस. बाळ केव्हाचं रडतंय."

आत्याने बाळाला घेतलं. बाळ गप्प झालं, त्याला काय त्याचं. तिने त्याचं नाक पुसलं, टोपी सारखी केली, आणि काकीच्या हातात परत दिलं. "मी पुढे येत नाही," म्हणाली. "रागावून नाही. पण माझं मन उडालंय आज. हे आपल्या गावालाच निघालेत माल घेऊन, त्यांच्या गाडीने घरी जाते. तुझं घर बघायला येईन रे मी पुढच्या महिन्यात, रेल्वेने. माझी पिशवी तेवढी दे."

कुणी हललं नाही.

"निळी पिशवी. तुझ्या डिकीत ठेवली होती."

"ताई, अगं असं काय करतेस..." काका म्हणाला.

"मी काढतो ताई," म्हणून तो मिशीवाला उठला. भला माणूस, त्याला काय ठाऊक. त्याने डिकी उघडली आणि सामान वाळूवर उतरवायला लागला. काकीचं कुंड्यांचं खोकं, पाण्याचे कॅन, आमची पेटी. निळी पिशवी कोपऱ्यात होती, ती त्याने ओढली, आणि तिच्याबरोबर खालची तपकिरी सुटकेस पुढे सरकली.

आत्याने ती बघितली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. जरा वेळाने परत म्हणाली, "ही तर माझी आहे."

आई म्हणाली, "अहो ताई, ते आपलं... लागलं तर असावं म्हणून."

आत्या खाली बसली, गुडघा धरून, आणि तिने सुटकेस वाळूतच उघडली. वर रजई होती. रजईखाली स्वेटर, सगळे. औषधांची पिशवी, शाळा सोडल्याचा दाखला, आजी-आजोबांचा फ्रेममधला फोटो टॉवेलमध्ये गुंडाळलेला, कामावर न्यायचा डबासुद्धा. ती एकेक वस्तू उचलून बघत होती आणि परत जागेवर ठेवत होती. आम्ही सगळे त्या खडकांसारखे उभे. बाबा तर खडकांकडेच बघत होते, मघाशी त्यांना तिथे मामाचं नाक दिसलं होतं.

"किती दिवसांसाठी?" आत्याने विचारलं.

शेवटी काकीच रडायला लागली. "ताई, आम्ही तुमच्यासाठी वेगळी खोली केलीय हो. खिडकी आहे. नवा पलंग घेतलाय. तुमचे हाल नसते केले आम्ही."

"सांगणारच होतो गं," बाबा म्हणाले. "तिथे गेल्यावर."

आत्याने सुटकेसचं झाकण लावलं. दोन्ही खटके बसवले. उभी राहिली तेव्हा मी हात द्यायला गेले, तिने घेतला.

"दादा," ती म्हणाली, "विचारलं असतंत तर आले असते."

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"मला काय दिसत नव्हतं? हिची रजा संपतेय, पोर लहान आहे. आपल्याला विचारतील असं मला वाटतच होतं. मालकांना नाही म्हणून सांगायचं, हे मी मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. आठ दिवस झाले. तुम्ही विचारायची वाट बघत होते नुसती. हो म्हणायला."

वाऱ्याने काकीच्या कुंड्यांच्या खोक्याचं झाकण उडालं आणि कुणी ते उचलायला गेलं नाही.

"मग आता विचारतो, ताई," काका पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. "चल ना. येशील?"

आत्याने त्याच्या गालाला हात लावला. लहानपणी हिनेच त्याला कडेवर वाढवलेला.

"नाही," ती म्हणाली.

साधा शब्द, पण तो उच्चारताना तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. मिशीवाल्याने सुटकेस ट्रकमध्ये चढवली. आत्याला वर चढायला त्रास झाला, पायरी उंच होती आणि गुडघा दुखत होता. बाबा दोन पावलं पुढे गेले, मग त्यांना कुठे धरावं ते कळलं नाही. दुकानवाल्या बाईने खुर्ची आणून लावली. आत्या तिच्यावरून चढली, दार ओढून घेतलं आणि आम्हाला म्हणाली, "उन्हात उभे राहू नका, पोराला लागेल."

आम्ही पुढे गेलो. जाणं भाग होतं, काकीला कामावर रुजू व्हायचं होतं. घर चांगलं होतं. ती खोलीही चांगली होती, काकी खोटं बोलली नव्हती, खिडकी होती, पलंग नवा होता, चादरीवर घडीच्या रेघासुद्धा होत्या. काका महिनाभर बाई शोधत होता, मग मिळाली. जगात कुणाचं कुणावाचून अडत नाही म्हणतात. थोडं अडलं, मग सुटलं.

आम्ही परत आलो तेव्हा गॅलरी रिकामी होती. आईने तिथे कपडे वाळत घालायची आणखी एक दोरी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, सोडून टाकली.

आत्या आता काट्यामागच्या दोन खोल्यांत राहते. सकाळची पाळी करते, दुपारी झोपते, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसते. गुडघ्याला पट्टा घेतलाय. आम्ही जातो तेव्हा चहा करते, हसते, सगळ्यांची चौकशी करते. सगळ्यांसमोर त्या दिवसाबद्दल एक शब्द काढत नाही. काकाची मुलगी आता चालते, फोनवर तिला 'आत्ता' म्हणते.

बाबा रविवारी तिच्याकडे जातात. सुरुवातीला तसेच जायचे, न कळवता. एकदा कुलूप होतं, ती कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाला गेली होती, कुणाच्या ते आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हापासून ते आधी फोन करतात. कपडे करून, चपला घालून, दारात उभे राहून विचारतात, "मधले, येऊ का?"

बहुतेक वेळा ती 'या' म्हणते. कधीकधी म्हणते, "आज नको, दादा." का ते सांगत नाही. बाबाही विचारत नाहीत. "बरं," म्हणतात, चपला काढतात आणि परत खुर्चीत येऊन बसतात.